रजा नसलेले काम



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने राष्ट्र, इतिहास, साहित्य असा भारदस्त विषय घ्यावा असा संकेत आहे. आजचा विषय त्या मानाने घरगुती वाटेल: टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाला वाढवणाऱ्या आईवडिलांच्या मनावर येणारा ताण. मधुमेह म्हटल्यावर या सभागृहातील बहुतेकांना स्वतःच्या गोळ्या, सकाळचे फिरणे आणि बिनसाखरेचा चहा आठवला असेल. तो टाइप 2, आणि तो वेगळा. टाइप 1 मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही. गरोदरपणात आईने काही वावगे खाल्ले म्हणूनही होत नाही, आणि कडू कारल्याने किंवा योगासनांनी जात नाही. इन्सुलिन बाहेरून टोचावे लागते, साधारणपणे दिवसातून चार वेळा, जन्मभर. ते काही दिवस थांबले तर मूल डीकेए, म्हणजे रक्तात आम्ल साठून येणाऱ्या बेशुद्धीच्या दिशेने जाते. जास्त टोचले गेले तर साखर खाली जाऊन तासाभरात झटके येऊ शकतात. या दोन टोकांच्या मधली वाट रोज कोणीतरी शोधून काढायची असते. ते कोणीतरी म्हणजे घरातले एक माणूस, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा आई.

या आईकडे समाज दोन नजरांनी पाहतो. एक दयेची: बिचारीच्या वाट्याला काय आले! दुसरी गौरवाची: धन्य ती माउली! मातृदिनाच्या कार्यक्रमात शाल आणि नारळ देऊन दोन्ही एकाच व्यासपीठावर उरकता येतात. माझे म्हणणे असे आहे की या दोन्ही नजरांना ताणाचे मूळ दिसत नाही, कारण दोघीही त्याला दुःख समजतात. दुःख असतेच, निदानाच्या दिवशी तर ते भयंकर असते. पण वर्षानुवर्षे टिकून राहतो तो ताण कामाचा असतो. हे काम कौशल्याचे आहे, धोक्याचे आहे, चोवीस तासांचे आहे, आणि रुग्णालयाने ते मनुष्यबळाशिवाय घराच्या हवाली केले आहे. दुःखावर सांत्वन चालते. कामाला वाटेकरी लागतो. हा फरक मानला तर उपचारांची, शाळेची आणि सरकारी खर्चाची मांडणी बदलावी लागेल, म्हणून तो पुराव्यानिशी तपासून पाहू.

हे काम घरात आले कसे? 1922 पूर्वी अशा मुलांसाठी अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक अॅलन यांची उपासमारीची पद्धत एवढाच काय तो आधार होता. जेमतेम तग धरण्यापुरते अन्न द्यायचे आणि मरण लांबवायचे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ या पद्धतीवर तीन वर्षे तगली. ऑगस्ट 1922 मध्ये ती टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोहोचली तेव्हा ती पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती आणि तिचे वजन वीस किलोंच्या आसपास उरले होते. तिच्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवायला पगारी परिचारिका होती, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. त्याच वर्षी जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर दुसऱ्या खेपेस गुण आला. 1923 मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळाले, एलिझाबेथ 1981 पर्यंत जगली, आणि इन्सुलिनची गोष्ट सांगणारे बहुधा इथे टाळ्या घेऊन थांबतात.

टाळ्या योग्यच आहेत. मात्र मूल वाचले त्याच दिवशी प्रत्येक अशा घरात एक कायमची नोकरी निघाली, आणि तिची जाहिरात कधी आली नाही. काचेची सिरिंज उकळायची, पुन्हापुन्हा वापरून बोथट झालेल्या सुया घासून धार लावायची. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी झाला यावरून काही तासांपूर्वी रक्तात काय चालले होते त्याचा अंदाज बांधायचा. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी फार लवकर ओळखले होते की या आजारात शिकवणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे. रुग्णासाठीही असलेले मधुमेहावरचे त्यांचे पुस्तक 1918 मध्ये, म्हणजे इन्सुलिनच्याही आधी आले होते. तरीही शतकभर आपण औषधाचा शोध साजरा करत आलो आणि ते औषध रोज कोण देणार हा प्रश्न कुटुंबाच्या प्रेमावर सोडून मोकळे झालो.

या कामाची उंची एकदम वाढली ती 1993 मध्ये. त्या वर्षी डीसीसीटी या अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टाइप 1 असलेल्या 1441 जणांची सरासरी साडेसहा वर्षे पाहणी झाली होती. एका गटाला तेव्हाचे प्रचलित उपचार, म्हणजे दिवसाला एक-दोन इंजेक्शने. दुसऱ्याला तीन किंवा अधिक इंजेक्शने अथवा इन्सुलिनचा पंप, आणि दिवसातून किमान चार वेळा रक्ततपासणी. सुरुवातीला ज्यांचे डोळे निरोगी होते, त्यांच्यात या काटेकोर उपचारांमुळे दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला. मूत्रपिंड आणि मज्जातंतूंचेही मोठे रक्षण झाले. तेव्हापासून साखर जितकी नियंत्रणात तितके मुलाचे पुढचे आयुष्य सुरक्षित, हे मधुमेहशास्त्राचे पायाभूत वाक्य झाले, आणि ते खरे आहे. पण त्या अहवालात आणखी तीन गोष्टी होत्या. काटेकोर गटात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. सहभागींचे वय 13 ते 39 होते, म्हणजे चार वर्षांचे मूल त्यात नव्हतेच. आणि काटेकोर गटामागे डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांचे पथक उभे होते. दरमहा भेट आणि मध्ये वारंवार फोन चालत असे.

ही तिसरी गोष्ट माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. तो निकाल एका पथकाने मिळवला. शिफारस मात्र घराघरात पोहोचली ती पथकाशिवाय. पंधरा मिनिटांच्या बाह्यरुग्ण भेटीत आईला सांगितले गेले की एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, सातच्या खाली आणा. जे काम चार व्यावसायिक मिळून कळत्या वयाच्या आणि स्वेच्छेने आलेल्या रुग्णांसाठी करत होते, ते एका व्यक्तीने, झोपमोड होऊन, रडणाऱ्या मुलासाठी करावे अशी अपेक्षा रूढ झाली. इतक्या वर्षांत या विसंगतीवर जितके बोलायला हवे होते तितके बोलले गेले नाही.

काम नेमके काय आहे ते जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण 'इंजेक्शन देणे' या दोन शब्दांत ते मावत नाही. दहा-बारा किलोच्या मुलाला अर्धा युनिट इन्सुलिन कमी-जास्त झाले तरी फरक पडतो. जेवणाआधी डोस द्यायचा तर मूल किती जेवणार हे आधी ठाऊक हवे, आणि तीन वर्षांच्या मुलाबाबत ते कोणालाच ठाऊक नसते. डोस टोचून झाल्यावर त्याने ताट ढकलले की घरात जे सुरू होते त्याला जेवण म्हणता येणार नाही. पिष्टमय पदार्थांचे ग्रॅम मोजून डोस ठरवायचे शास्त्र पाकिटबंद अन्नाच्या देशात वाढले. आपल्याकडची ज्वारीची भाकरी हाताने थापलेली, आज मोठी, उद्या लहान. वरणभातात भात किती हे वाढणाऱ्या आजीच्या मायेवर अवलंबून, आणि उपवासाच्या साबुदाणा खिचडीने साखर कुठवर चढेल हे कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते. देवळातल्या प्रसादाला नाही म्हणायचे नाही आणि वाढदिवसाचा केक नाकारून मुलाला वेगळे पाडायचेही नाही. त्यात ताप आला की गरज वाढते, मैदानावर खेळले की साखर घसरते आणि ती घसरण कधी कधी मध्यरात्रीपर्यंत लांबते. वयात येताना संप्रेरकांमुळे आधीचे सगळे आडाखे कोलमडतात. एकच डोस, एकच जेवण, दोन वेगळे दिवस, आणि मीटरवर दोन वेगळे आकडे. सगळे बरोबर करूनही आकडा चुकतो, हे या कामाचे सर्वात क्रूर वैशिष्ट्य आहे.

शिवाय ही आई दोन विरुद्ध भीतींच्या मध्ये उभी असते. साखर चढी राहिली तर तीस वर्षांनी डोळे आणि मूत्रपिंड जातील. खाली गेली तर आज रात्री झटका येईल. पहिली भीती जास्त इन्सुलिन द्यायला सांगते, दुसरी कमी. दोन्ही खऱ्या आहेत आणि कोणत्याही एका भीतीला शरण गेले की दुसरी खरी ठरण्याची शक्यता वाढते. कामाच्या ताणाविषयी औद्योगिक मानसशास्त्राने फार पूर्वीच दाखवून दिले आहे की केवळ जास्त कामाने माणूस मोडत नाही. जबाबदारी मोठी आणि परिणामांवर ताबा कमी, अशा जागी तो मोडतो. या दृष्टीने पाहिले तर या आईची जागा त्या संशोधनातील सर्वात वाईट जागांपैकी एक ठरावी, फक्त तिला कामगार म्हणून कोणी मोजले नाही.

आता मोजमापाकडे वळू. 2012 मध्ये अमेरिकेतील रॉबिन व्हिटमोर आणि सहकाऱ्यांनी अशा पालकांवरच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निदानाच्या सुमारास सरासरी 33.5 टक्के पालकांमध्ये लक्षणीय मानसिक त्रास आढळला. निदानानंतर एक ते चार वर्षांनी हे प्रमाण 19 टक्के होते. या दोन आकड्यांकडे आशावादी माणूस पाहील तर म्हणेल, काळ हेच औषध. घसरण खरी आहे. पण निदानाचा धक्का ओसरून वर्षे लोटल्यावरही दर पाचांतला जवळपास एक पालक त्रासात का राहतो? तो दुःखातच अडकला आहे असे म्हणणे मला पटत नाही. धक्का ओसरल्यावर तळाशी जे उरते ते त्या दिवसाचे, त्या रात्रीचे काम असते, आणि काम ओसरत नाही. स्वीडनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, दीर्घकालीन आजारी मुलांच्या पालकांच्या एका अभ्यासात कामगारांमधला 'बर्नआउट', म्हणजे अतिश्रमाने येणारे रितेपण, मोजण्याचीच पद्धत वापरली होती. निरोगी मुलांच्या पालकांत हे प्रमाण साधारण पाचांतला एक होते. आजारी मुलांच्या पालकांत ते तिनांतल्या एकाहून अधिक निघाले, आणि आयांमध्ये वडिलांपेक्षा जास्त. स्वीडनमध्ये इन्सुलिन मोफत मिळते आणि आजारी मुलासाठी पगारी रजा मिळते, हे लक्षात घ्या. दुःखाचे मोजमाप बाजूला ठेवून शिणाचे केले आणि शीण सापडला.

यावर आक्षेप येतो की हे सारे प्रश्नावल्यांवरचे निष्कर्ष आहेत. जे मुळातच चिंतातुर त्यांनी चिंता नोंदवली, इतकेच. स्वतः भरलेल्या प्रश्नावलीच्या मर्यादा मान्य. आढाव्यात निरनिराळ्या अभ्यासांतले प्रमाण 10 टक्क्यांपासून 74 टक्क्यांपर्यंत पसरले होते, त्यामुळे सरासरीवर फार भार टाकू नये हेही मान्य. पण स्वभावानेच चिंतातुर माणसे सगळ्या समाजात असतात आणि तुलनेच्या गटातही ती होतीच. दोन गटांमधला फरक स्वभावातून येत नाही. तो परिस्थितीतून येतो.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: यंत्रे हा प्रश्न सोडवतील. बोट टोचण्याऐवजी दंडावर सेन्सर आला, दर काही मिनिटांनी आकडा फोनवर येऊ लागला. 2016 मध्ये सेन्सरच्या आकड्यांवरून पंपाने स्वतः इन्सुलिन कमी-जास्त करण्याच्या पहिल्या यंत्रणेला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही प्रगती लहान नाही. त्यातला एक हिस्सा तर पालकांनीच घडवला. 2013 च्या सुमारास काही तंत्रज्ञ पालकांनी मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवरून दुरून पाहण्याची सोय स्वतः जुळवली, आणि 'आम्ही थांबणार नाही' हे त्या चळवळीचे घोषवाक्य झाले. या वाक्यातच कामाचा पुरावा आहे. नोकरीवर बसून शाळेतल्या मुलाची साखर बघण्याची गरज ज्यांना जाणवली, त्यांचे काम घरापुरते कधीच नव्हते. यंत्राने टोचणे कमी केले आणि पाहणे वाढवले. पूर्वी दिवसात चार आकडे असत, आता शेकडो. रात्री गजर वाजतो आणि कधी कुशीखाली दाबल्या गेलेल्या सेन्सरमुळे खोटाच वाजतो. तरीही स्वयंचलित यंत्रणेने झोप सुधारल्याचे अनेक कुटुंबे सांगतात, आणि ते मी नाकारत नाही. पण दोन आठवड्यांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात तिथे यंत्राची वाट पाहा हा सल्ला कोणाला देत आहोत याचे भान असावे.

आणि इथे आपण भारतात येऊन पोहोचतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील टाइप 1 रुग्ण जगात सुमारे 12 लाख होते आणि त्यातले सुमारे 2 लाख 29 हजार भारतात, म्हणजे कोणत्याही एका देशात सर्वाधिक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तरुण मधुमेहींची नोंदवही 2006 मध्ये सुरू केली आणि टाइप 1 साठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना 2022 मध्ये काढल्या. सरकारी आरोग्यव्यवस्थेत मधुमेह म्हणजे तिशीवरच्या माणसांची तपासणी, हे समीकरण मात्र अजून पक्के आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. टाइप 1 मधुमेह नाही. केरळ सरकारने 2018 पासून या मुलांसाठी इन्सुलिन, साधने आणि समुपदेशन देणारी 'मिठाई' योजना चालवली आहे. आपल्याकडे हे काम बरेचसे डॉक्टरांनी आपापल्या शहरात उभ्या केलेल्या संस्थांवर राहिले. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांची ड्रीम ट्रस्ट ही त्यातली जुनी आणि ठळक संस्था. गरीब घरांतल्या मुलांना मोफत इन्सुलिन देण्याचे काम तिने अनेक वर्षे केले.

आपल्या घरांतला ताण पाश्चात्त्य अभ्यासांत न दिसणाऱ्या तीन कामांनी वाढतो. एक, पुरवठ्याचे काम: इन्सुलिन मिळवणे, स्ट्रिपसाठी पैसे उभे करणे, तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जाणे, आणि फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल तर ओल्या मडक्यात बाटली थंड ठेवणे. दुसरे, श्रद्धा आणि सल्ल्यांना तोंड देण्याचे काम. इन्सुलिन सुरू झाल्यावर अनेक मुलांत उरलेल्या बीटा पेशी काही काळ सावरतात आणि गरज एकदम कमी होते. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात, हा काळ काही आठवडे ते काही महिने टिकतो. नेमक्या याच काळात एखादा काढा, एखादा वैदू, एखादा नवस यशस्वी होतो. नातेवाईक म्हणतात, बघा, पोर बरे झाले, आता सुया बंद करा. सुया बंद झाल्या तर मूल अतिदक्षता विभागात पोहोचते. चालू ठेवल्या तर आई हट्टी ठरते. सासू, नणंद आणि शेजार यांच्यासमोर एकटीने विज्ञानाची बाजू लढवायची, तीही बहुधा स्वतःला दहा मिनिटांत समजावून दिलेल्या विज्ञानाची.

तिसरे काम लपवण्याचे. मुलगी असेल तर पुढे लग्न कसे होणार, या एका प्रश्नाभोवती कित्येक घरांची रचना बदलते. इन्सुलिन आतल्या खोलीत घेतले जाते, पाहुणे असले की डोस उशिरा होतो, शाळेला सांगितले जात नाही. मग साखर खाली जाऊन मुलगी वर्गात भेलकांडली तर शिक्षकांना काय करावे हे ठाऊक नसते. ग्लुकोजची पूड किंवा साखरेचे पाणी एवढाच प्राथमिक उपाय असतो, पण तो करणारा माणूस माहीतगार हवा. गुपित राखणे हे स्वतःच पूर्णवेळ काम आहे आणि ते वाटूनही घेता येत नाही, कारण वाटले की ते गुपित राहत नाही. आजाराची लाज हा भावनेचा विषय म्हणून मांडला जातो. व्यवहारात तिचा परिणाम असा की आईला मदतनीस मिळण्याचा शेवटचा मार्गही बंद होतो.

एकत्र कुटुंबात हा भार आपोआप वाटला जातो, असे यावर ऐकायला मिळते. स्वयंपाक, धुणे, इतर मुलांना सांभाळणे हे वाटले जाते, आणि ते थोडे नाही. पण डोस ठरवणे वाटले जात नाही. घरात आठ माणसे असून सुई हातात घेणारी एकच असते, आणि ती आजारी पडली, माहेरी गेली, बाळंत झाली तर काय, याचे उत्तर सहसा कोणाकडे नसते. किंबहुना आठ माणसे म्हणजे खाऊ देणारे आठ हात आणि आकडा वाढला की विचारणारी आठ तोंडे. वडिलांविषयी इथे एक वाक्य पुरे होईल: बहुसंख्य घरांत ते खर्चाची जबाबदारी घेतात, रात्रीची घेत नाहीत, आणि रुग्णालयातले शिक्षणही बहुधा आईलाच दिले जाते, त्यामुळे ही वाटणी डॉक्टरांच्याच टेबलावर पक्की होते.

सर्वात गंभीर आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला. जिथे इन्सुलिनच्या बाटलीचीच खात्री नाही तिथे आईच्या मानसिक ताणाची चर्चा हा पोटभरल्यांचा उद्योग नाही का? हा प्रश्न विचारणारी माणसे बहुधा प्रत्यक्ष काम करणारी असतात, म्हणून त्याला हलक्याने उत्तर देऊ नये. पैसा एकच आहे आणि तो बाटलीवर आधी खर्च झाला पाहिजे, यात वाद नाही. मात्र बाटली ही उपचाराची निम्मी बाजू आहे. मोफत इन्सुलिन घरात असूनही डोस चुकतात, तपासण्या बंद पडतात, मूल डीकेए होऊन पुन्हा पुन्हा दाखल होते, हे या क्षेत्रात सर्वज्ञात आहे. ते का होते याचा शोध घेतला तर बहुधा एक थकलेले माणूस सापडते, ज्याला बदली कोणी नव्हते. खचलेल्या आईकडून चार वेळची तपासणी दोनवर येते, मग एकवर. बाटलीवर केलेला खर्च वाया जाऊ नये म्हणून तिच्या थकव्यावर खर्च करायचा आहे, आणि तो बाटलीच्या मानाने फार कमी आहे. आधी औषध मग मन, अशी रांग लावता येते ती जिथे औषध देणारा हात आणि थकणारे मन दोन वेगळ्या माणसांचे असते तिथे.

कोणी असेही म्हणेल की थोडी चिंता हवीच. निर्धास्त आईच्या मुलाची साखर सैल पडेल. दक्षता हवी, हे निर्विवाद. पण चिंता आणि दक्षता एकाच प्रमाणात वाढत नाहीत. साखर खाली जाण्याचा एकदा भीषण अनुभव घेतलेले पालक पुढे मुद्दाम आकडा चढा ठेवतात, रात्री डोस कमी करतात, झोपण्यापूर्वी जास्तीचे खाऊ घालतात, हे मधुमेहतज्ज्ञांना परिचित आहे. ही बेपर्वाई नव्हे, भीतीने काढलेला तोडगा आहे, आणि त्याची किंमत मूल मोजते. वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर चिंतेचे नुकसान अधिक उघड दिसते. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रात बार्बरा अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवले की पालकांनी काम एकदम मुलावर सोडूनही चालत नाही आणि आकड्यावरून रोज उलटतपासणी करूनही चालत नाही. कामाची वाटणी दोघांनी मिळून ठरवली, तेव्हा घरातली भांडणे कमी झाली. "किती आली?" या प्रश्नाच्या सुरात दोष असेल तर तेरा वर्षांचे मूल एक तर खोटा आकडा सांगते किंवा तपासणेच बंद करते. ही फसवाफसवी रोखायला प्रवचन उपयोगी पडत नाही. आकड्याला शाळेच्या निकालासारखे वागवणे आधी मोठ्यांनी थांबवावे लागते, आणि त्यात डॉक्टरही आले.

मग काय करायचे? समुपदेशक नेमावेत हे बरोबरच. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनने 2016 मध्ये मानसिक-सामाजिक काळजी हा मधुमेहाच्या नेहमीच्या उपचारांचाच भाग मानावा असे निवेदन काढले आणि मुलांच्या मधुमेहावरील आंतरराष्ट्रीय सूचनाही तेच सांगतात. पण आपल्या जिल्ह्यांत समुपदेशक येईपर्यंत वाट पाहायचे कारण नाही. ताण कामाचा असेल तर पहिली मागणी साधी आहे: निदानाच्या वेळी रुग्णालयाने एकाऐवजी दोन माणसांना शिकवावे. दुसरे कोण, हे घराने ठरवावे. बाप, काका, मोठी बहीण, शेजारची बाई, कोणीही. पण दुसरे माणूस तयार असल्याशिवाय शिक्षण पूर्ण झाल्याची नोंद होऊ नये. डोस काढणे, साखर खाली गेल्यावर काय द्यायचे, ताप आल्यावर काय बदलायचे, एवढे शिकायला काही बैठका पुरतात. दर आठवड्याला एक रात्र तरी त्या दुसऱ्या माणसाची असावी आणि त्या रात्री आईने गजर लावू नये, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यावे. आपल्याकडे लिहून दिलेल्या गोष्टीला सासरी मान असतो.

शाळेचे थोडे अधिक अवघड आहे, तरी पाया घातला गेला आहे. सीबीएसईने 2017 मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि गोळ्या सोबत ठेवण्याची मुभा दिली. 2023 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवले की अशा मुलांना वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि वेळेवर खायला परवानगी असावी. परवानगी मिळाली की अडथळा जातो. आईचे काम मात्र तिथेच राहते, कारण डब्याच्या सुटीच्या वेळी शाळेच्या फाटकाशी इन्सुलिनचा पेन घेऊन उभी असते ती आईच. त्या उभे राहण्यापायी सुटलेल्या नोकऱ्यांची नोंद कुठे होत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी नोकरीच्या काळात 730 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, म्हणजे मुलाच्या काळजीला वेळ लागतो हे तत्त्व राज्यसंस्थेने मान्य केलेले आहे. शेतमजूर, घरकामगार आणि दुकानात उभ्या राहणाऱ्या आईपर्यंत ते पोहोचले नाही. प्रत्येक शाळेत एक शिक्षक आणि एक शिपाई या दोघांना ग्लुकोमीटर आणि पेन वापरता येणे, ही तिच्यासाठी रजेच्या सर्वात जवळ जाणारी सोय आहे, आणि त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

शेवटी तपासणीच्या खोलीविषयी. तीन महिन्यांनी होणाऱ्या भेटीत मुलाचे वजन, उंची आणि एचबीएवनसी लिहिले जाते. त्याच कागदावर आणखी दोन प्रश्नांना जागा करावी, असे मी इथल्या डॉक्टरांना सुचवतो: गेल्या महिन्यात रात्री कोण उठले, आणि त्या व्यक्तीऐवजी उठू शकेल असे घरात दुसरे कोण आहे? आकडा बिघडलेला असेल तेव्हा डोस बदलण्याआधी ही दोन उत्तरे वाचावीत. दुसऱ्या प्रश्नापुढे सलग दोन भेटींत 'कोणी नाही' असे आले, तर इन्सुलिन वाढवून तो आकडा खाली येईल असे मला वाटत नाही.